सतरा नंबरचा आवाज आन् चांदीचं दूध

मी गिटारचा ॲम्प बोलतोय. चांदी म्हशीची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा हाय. आता चांदी काय साक्षीला यायची न्हाई, आन् मला डोळं न्हाईत, तवा बघितलेलं सोडा. ऐकलेलं मातर पक्कं.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथं आम्ही शंभर भावंडं एका ओळीत, सगळी सारखी, सगळी शहाणी. मी तिथनं न्हावऱ्याला पप्पूकडं आलो. पप्पू हळदीच्या कार्यक्रमात गिटार वाजवतो. माझ्या पोटात चाळीस आवाज सेव्ह होतात. नंबर दाबला की आवाज हजर. हळदीला बारा, वरातीला तेवीस.

पप्पूचं वाजवणं घरात कुणाला सोसंना, म्हनून त्याची प्रॅक्टिस गोठ्यात. तिथल्या बोर्डाला दोनच भोकं, माझ्या पिनला तीन पाय. पप्पूनं पक्कड घेतली आन् माझा जाडा, अर्थिंगचा पाय मोडला. तवापासनं मी चालू झालो की आधी घुंईं करतो, मग गाणं. पप्पूला त्यापायी दोनदा झटका बसला. तरी त्यानं पाय काय बसवला न्हाई.

तो सतरा नंबर लावायचा आन् शेजारी त्याची थोरली बहीण स्वप्नाली चांदीची धार काढायची. धा लिटर. पप्पू गावभर सांगायचा, माझ्या सतरा नंबरावर म्हैस पान्हवती. लोक हसायचे, पण दूध मोजून गप बसायचे.

मग स्वप्नालीचं लग्न झालं, भीमेपल्याड खुटबावला. नवरा रुद्र, तोबी हळदीतला गिटारवालाच. आंदण म्हनून चांदी दिली. आन् खुटबावात चांदीनं दूध बंद केलं. रेडकू लावलं, सरकी ठेवली, थेंब न्हाई. मोबाईलवर पप्पूचं वाजवणं ऐकवलं, तर तिनं मोबाईल चाटला. सासू बयाबाईनं आठ दिवस वाट बघितली आन् सांगितलं, शुक्रवारी बाजार दाखवायचा. वर शेजारणीला म्हनाली, माहेरानं भाकड म्हैस बांधली गळ्यात.

स्वप्नालीनं भावाला फोन केला. रडली न्हाई. एवढंच म्हनाली, "पप्प्या, तुझा सतरा नंबर घेऊन ये. चांदी गेली तर मी या घरात मान वर करून बोलायची न्हाई."

गुरुवारी सकाळी मी मोटरसायकलवर, पोत्यात, दोरीनं बांधून खुटबावात. रुद्रकडं नवाकोरा ॲम्प होता. ठरलं असं, की माझा सतरा नंबर त्याच्यात भरायचा आन् संध्याकाळच्या धारंच्या आत मला घेऊन पप्पूनं हळदीला पळायचं. आम्हा दोघांना सोप्यात शेजारी-शेजारी बसवलं. आधी केबल जोडून फाईल पाठवली. नव्यानं ती ओळखली न्हाई. कंपनी वेगळी, शेवटी भाऊकीच ती.

मग हातानं. पप्पू माझं बघून सांगायचा, गेन सात, बास आठ, ट्रेबल तीन, आन् रुद्र नव्याची बटणं फिरवायचा. दोन तास लागले.

"पाव्हणं, ती घुंईं पण घ्यायची का?" रुद्रनं इचारलं.

"छ्या, दाजी. ती खराबी हाय. ती सोडून सगळं घ्या."

रुद्रनं घुरघुर दाबायचं बटणच चालू करून टाकलं. दोघांनी आलटून-पालटून वाजवलं. एकदम सेम. मला वाटलं होतं काहीतरी बोलावं, पण ॲम्पला कोण इचारतंय.

नवा गोठ्यात नेला. स्वप्नाली बादली घेऊन बसली. पप्पूनं सतरा नंबर लावून जीव ओतून वाजवलं. चांदीनं बादलीला लाथ घातली. तीन येळा वाजवलं, तीन येळा बादली.

"झाली का वरात वाजवून?" बयाबाई म्हनाली. "उद्या बाजारात वाजवा."

स्वप्नाली उठली न्हाई. तशीच बसून म्हनाली, "आत्या, एकदा जुना लावू द्या. मग खुशाल न्या."

मला कडबाकुट्टीच्या बोर्डात खोचलं. मी चालू झालो. घुंईं. पप्पूनं अजून गिटार गळ्यात अडकवली नव्हती, तवर चांदीनं फुस्सकन श्वास सोडला आन् धार सुरू. बादलीत चुळूक-चुळूक, मग फेस. पप्पूची एक तार वाजली न्हाई. दोन वर्षांची प्रॅक्टिस हो.

बादली भरल्यावर त्यानं हळूच इचारलं, "मंजी माझं वाजवणं...?"

"सोसत होती बिचारी," स्वप्नाली म्हनाली.

आता घुंईं काय कुठल्या नंबरात सेव्ह होत न्हाई. बयाबाईनं सुचवलं, नव्याचा पन एक पाय मोडा. रुद्र ॲम्पला मिठी मारून बसला. मग बयाबाईनंच निवाडा दिला. मोडका इथं, नवा पाव्हण्याला. "तुझी हळदीची वाजवणी चार महिनं," ती लेकाला म्हनाली, "दूध रोजचं." शेजारणीकडं ती आपणहून गेली, तांब्याभर दूध घेऊन. स्वप्नालीच्या माहेरची म्हैस हाय, असं म्हनाली म्हनं.

तवापासनं मी हितं गव्हाणीवर. अंगावर शेण. पोटात चाळीस आवाज, गिटार एकदाबी लागली न्हाई. सकाळ-संध्याकाळ घुंईं करतो आन् गप बसतो. कारखान्यातली शहाणी भावंडं कुठं असतील ती असोत, धा लिटर कुणाच्या नावावर न्हाई.

तर ऐकलंत सगळं. आता फुकटात उठू नका. दाराशी कडब्याच्या पेंड्या रचल्यात, त्यातली एक चांदीपुढं टाका. बारकी नको. उधारी तिला कळत न्हाई, आन् तिचं दावं जरा ढिलं हाय.