दोर धरणारी

भिंत चढायला शिकायचं तर दोर धरणारं माणूस ज्याचं त्याने आणावं, असा तिथला नियम होता. मधुराकडे पाय एक होता आणि दोर धरणारं माणूस एकही नव्हतं. शिकवणाऱ्या हर्षलला अडचण वाटली ती फक्त दुसऱ्या गोष्टीची.

देवास रोडवर एका खासगी क्रीडासंकुलाच्या मागे ही भिंत उभी होती. तीन मजली घराएवढी उंच, करडी, आणि अंगभर रंगीत खुंट्या ठोकलेली. मधुरा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि परतताना तिची ऑटो त्या कुंपणाजवळून जायची. एकदा पुढे गाई आडव्या आल्या म्हणून ऑटो थांबली आणि तेवढ्यात भिंतीवरून एक मुलगी पडली. पडली म्हणजे तिचा हात सुटला, ती किंचाळली, थोडी खाली आली आणि दोराला लोंबकळत हसायला लागली. खाली दोर धरून उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणीने जांभई दिली. मग गाई हलल्या.

घरी येईपर्यंत मधुराच्या डोक्यात तेवढंच होतं. ती मुलगी पडली आणि काही झालं नाही. तसं एकदा पडून बघायचं, एवढीच मधुराची इच्छा होती. भिंतीच्या टोकाला पोचण्यात तिला फारसा रस नव्हता.

ती स्वतः पडली होती तेव्हा बरंच काही झालं होतं. देवास गेटपाशी बाबांची स्कूटर रेतीवर घसरली. मागे बसलेली मधुरा रस्त्याच्या बाजूला पडली आणि मागून बस येत होती. बाबा दुसऱ्या बाजूला पडले. त्यांच्या चष्म्याची काचसुद्धा तडकली नाही, आणि ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत पटली नाही.

उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. सामान बेवारस सोडायचं नाही ही त्यांची जन्माची शिस्त. त्यांनी हॉस्पिटलातून पाय रीतसर मागून घेतला, भैरवगढच्या छापाच्या चादरीत गुंडाळला आणि चक्रतीर्थाच्या स्मशानात नेऊन त्याला अग्नी दिला. तिथून ते थेट श्रीधरगुरुजींकडे गेले आणि सुतक किती दिवसांचं ते विचारलं. गुरुजींनी बराच विचार केला आणि सांगितलं, माणूस सबंध गेल्याखेरीज सुतक लागत नाही. आईने एवढंच विचारलं, की चादर नवीच का नेली.

मग बाबांनी घरातली प्रत्येक वस्तू खाली आणली. वरच्या फळ्या रिकाम्या झाल्या, गच्चीच्या दाराला कुलूप लागलं, मधुराची पुस्तकं जमिनीलगत रांगेने उभी राहिली. जयपूरला खेपा घालून त्यांनी तिचा नवा पाय करून घेतला. रोज संध्याकाळी ते तो ओल्या फडक्याने पुसायचे, पूर्वी स्कूटर पुसायचे तसा. भेटायला येईल त्याला सांगायचे, "हँडल माझ्या हातात होतं." समोरचा माणूस म्हणायचा, अहो, होणारं टळत नाही. बाबा मान हलवायचे आणि पुढच्या माणसाला पहिल्यापासून सांगायचे. असं करता करता एका रात्री झोपेत ते गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं.

तर दोर धरायला माणूस हवं होतं. शाळेतल्या बाईंनी हसण्यावारी नेलं. पुण्याचा भाऊ अपूर्व म्हणाला, मी व्हिडिओवर बघीन. राहिली आई. चणीने बारकी, साठी उलटलेली, आणि बाबा गेल्यापासून कामापुरतं बोलणारी.

"दोर धरायचा म्हणजे करायचं काय?" आईने विचारलं.

"मी वर, तू खाली. मी पडले तर धरायचं."

"आणि नाही पडलीस तर?"

"तर नुसतं उभं राहायचं."

"मग येते. इथे पण उभीच असते."

इंदूरहून सुमनआत्याचा फोन आला. बाबांना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. वर्षाच्या आत सण नाही, गोडधोड नाही, अंगाला नवं कापड नाही. मग भिंत चढणं कशात बसतं, असं तिचं म्हणणं होतं. आईने गुरुजींना विचारून घेतलं. गुरुजी म्हणाले की वर्षाच्या आत डोंगरावरच्या देवीला जाऊ नये, पण वर देव नसेल तर हरकत नाही. मधुराने वर देव नसल्याची खात्री दिली.

पहिल्या दिवशी वेगळीच अडचण निघाली. दोर धरणाऱ्यालाही कमरेला हार्नेस घालावा लागतो, आणि त्याचे दोन पट्टे दोन्ही मांड्यांभोवती आवळावे लागतात. आईची साडी पाचवारी. हर्षल बिचारा दुसरीकडे बघत म्हणाला, "आंटीजी, कल सलवार सूट या ट्रैक पैंट पहन के आइए."

आईकडे दोन्ही नव्हतं. नवं घेणं शक्य नव्हतं, कारण माहेरचे दुखवट्याचं लुगडं घेऊन येईपर्यंत तिने स्वतःला कापड घ्यायचं नाही. मधुराने आपला सलवार-कुडता पुढे केला.

"या वयात पोरीचे कपडे घालून देवास रोडवर जाऊ? दिमाग ठिकाणावर आहे ना तुझा?"

दुसऱ्या दिवशी आईने ट्रंकेतून आपल्या सासूबाईंचं सुती नऊवारी काढलं. ते जुनं होतं, म्हणजे नियमात बसत होतं. घट्ट काष्टा मारून, पदर खोचून ती ऑटोत बसली. पाय वेगळे झाल्यामुळे पट्टे जिथे बसायचे तिथे बसले. हर्षलने चारी बाजूंनी फिरून पाहिलं, बक्कलं ओढून पाहिली, आणि एवढा नीट हार्नेस ट्रॅक पँटवरही बसत नाही असं कबूल केलं. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं.

हर्षल हिंदीतून शिकवायचा, आणि त्याचं सगळं शिकवणं एका वाक्यात मावायचं: उजवा हात दोरावरून सुटता कामा नये. बाकी काहीही होवो, माशी बसो, फोन वाजो, तो हात तिथेच. आईने मान डोलावली. मधुराच्या कमरेचा दोर भिंतीच्या माथ्यावरून वळून खाली आईच्या पट्ट्यातून जायचा. आई किती हलकी आहे ते बघून त्याने तिच्या पट्ट्यापासून जमिनीतल्या कडीपर्यंत एक सैल दोर बांधला, आणि तिच्या हातातून पुढे उरलेलं चढायच्या दोराचं शेपूट स्वतः धरून तिच्या मागे उभा राहिला. नव्या माणसामागे तो नेहमीच तसा उभा राहायचा.

मधुराला चढणं काही जमत नव्हतं. डावा पाय खुंटीवर ठेवला की कळायचं. उजवा ठेवला की वाकून बघावं लागायचं, ठेवला आहे का, आणि बघितल्यावरही त्याची खात्री नसायची. रबरी पाऊल खुंटीवर गोल फिरायचं. तरी ती वर जायची, याचं कारण आई. आई दोर इतका ताणून धरायची की मधुरा अर्धी चढायची आणि अर्धी ओढली जायची.

"ढीला छोड़िए आंटीजी," हर्षल म्हणायचा. "दीदी को चढ़ने दीजिए, आप मत चढ़ाइए."

आई सूतभर सैल सोडायची आणि हर्षलची पाठ वळली की हातभर ओढायची. या व्यवस्थेत पडायला वावच नव्हता. मधुराने घरी तक्रार केली. आई म्हणाली, "वर जाऊन राहिली आहेस ना? मग झालं तर."

मे लागला. घामाने नव्या पायाच्या आतला मोजा, म्हणजे लायनर, निसटायला लागला, पण ते मधुराच्या उशिरा लक्षात आलं. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर तिने उजवा गुडघा उचलला आणि तो फारच सहज उचलला गेला. तिने खाली पाहिलं. पाय कॅनव्हासच्या बुटासकट खाली चालला होता.

आईने तो झेलला. दोन्ही हातांनी, छातीशी, एक पाऊल पुढे टाकून, अगदी अचूक. त्यासाठी तिला दोर सोडावा लागला. वर मधुराचा तोल गेला, ती भिंतीवरून सुटली आणि खाली येऊ लागली. हर्षलने मागून शेपूट ओढून दोर आवळला तेव्हा ती जमिनीपासून पुरुषभर उंचीवर थांबली. तिचा खांदा भिंतीला घासला. खाली आई बुटाची नाडी बघत होती.

हर्षलने मधुराला उतरवलं, तिचा खांदा पाहिला, मग भिंतीकडे तोंड करून पाणी प्यायला. तो बावीस-तेविसाचा असेल. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "आंटीजी से नहीं होगा, दीदी. किसी और को लाइए."

परतताना ऑटोत आईने पाय मांडीवर घेतला होता. घरी आल्यावर तिने नऊवारी बदललं, कांदे घेतले आणि चिरायला बसली. मधुरा समोर येऊन बसली.

"दोर का सोडलास?"

"तू दोराला होतीस," आई म्हणाली. "पाय खाली येऊन राहिला होता."

"तो दोर तूच धरला होतास, आई."

आईचा विळीवरचा हात थांबला. हे तिच्या खरोखरच आत्ता लक्षात आलं असावं.

"ह्यांनी तो जयपूरहून मांडीवर ठेवून आणला," ती म्हणाली. "बर्थ होता तरी रात्रभर झोपले नाहीत. फुटला असता तर?"

"तो फुटत नाही. दुसरा मिळतो."

"हो. मिळतो." तिने कांदा पुन्हा हातात घेतला. "दुसरं कुणी नाही का मिळत तुला? दोराला?"

"मिळेल. पण मला पडून बघायचंय. धरणारं माणूस घरातलं हवं."

"म्हणजे ह्यांनी धरलं नाही."

"असं मी कधी म्हटलं नाही."

"नाही म्हटलंस. मी पण नाही म्हटलं. येणारे-जाणारे सगळे म्हणत होते, तुमची चूक नाही. आपण दोघींनी ते पण नाही म्हटलं." आईने कांदे विळीखालून ताटलीत लोटले. "ते वाट बघून राहिले होते. मला कळत होतं."

मधुरालाही कळत होतं. भाजी झाली, जेवणं झाली. आईने पाय पुसायला घेतला, मग फडकं मधुराच्या हातात दिलं आणि म्हणाली, तुझा तू पूस.

पुढच्या आठवड्यात आई नऊवारी नेसून आपणहून दाराशी उभी राहिली. हर्षलने तिला पाहिलं आणि मधुराकडे पाहिलं. आईने त्याला सांगितलं की एकदा परीक्षा घे, नापास झाले तर घरी बसेन. तिचं हिंदी स्वच्छ आणि सरकारी होतं. हर्षलने विचार केला. परीक्षा अशी, की मधुराने वर जायचं आणि न सांगता हात सोडायचे. कधी ते आईला कळता कामा नये. तो शेपूट धरेल, पण ओढायची वेळ आली तर पुन्हा इथे यायचं नाही.

मधुराने पाय काढून प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला. आईने ती खुर्ची उचलून आपल्या पाठीमागे नेऊन ठेवली.

पायाशिवाय चढणं सोपं निघालं, याचं मधुराला आश्चर्य वाटलं. जो नव्हता तो निसटत नव्हता. डाव्या पायावर उडी घ्यायची, हाताने वरची खुंटी धरायची, मांडी भिंतीला टेकवून दम खायचा. पहिल्या मजल्यापाशी तिच्या लक्षात आलं की कमरेशी ओढ नाही. दोर तिच्यासमोर सैल लोंबत होता, हलकासा झुलत होता. ती जितकी वर जाई तितकाच आई तो घेई, जास्त नाही. म्हणजे आतापर्यंतची चढाई तिची एकटीची होती. दंड भरून आले होते आणि बोटं उघडायला लागली होती.

दुसऱ्या मजल्याच्या वर येऊन ती थांबली. आता सोडायचं होतं. हात सोडणं एवढं अवघड असेल असं तिला वाटलं नव्हतं. बोटांना सांगून ती ऐकेनात. खालून काही आवाज येत नव्हता; आई विचारत नव्हती, हर्षल सांगत नव्हता. मधुराने एकदा खाली पाहिलं. आई मान वर करून तिच्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा कुकरच्या शिट्ट्या मोजताना असतो तसा होता.

मधुराने हात सोडले.

भिंत वर गेली, आणि मग मांड्यांना जोराचा हिसका बसला. ती थांबली. गोल फिरली, परत फिरली. खांद्याला काही लागलं नव्हतं. तिने खाली पाहिलं तर आई जमिनीवर नव्हती. दोराने तिला वर उचललं होतं आणि जमिनीतल्या कडीच्या दोराने तिथेच अडवलं होतं. नऊवारीतली आई भिंतीच्या पायथ्याशी हातभर उंचीवर तरंगत होती, चपला खाली राहिल्या होत्या, आणि उजवा हात जिथे असायला हवा तिथे होता. बोटं पांढरी पडली होती.

हर्षलच्या हातातलं शेपूट सैल होतं. त्याने ते वर करून दोघींना दाखवलं.

"बहुत बढ़िया, आंटीजी. अब दीदी को धीरे-धीरे नीचे लाइए."

आई हलली नाही. हर्षलने पुन्हा सांगितलं. त्याला वाटलं ती घाबरली आहे, म्हणून तो जवळ गेला, तर तिने डाव्या हातानेच त्याला लांब राहायची खूण केली.

"आई," मधुरा वरून म्हणाली, "मला खाली घे."

"थांब," आई म्हणाली. "आत्ताच तर धरलंय."

मधुरा थांबली.