गुणाबाईचे कामाचे दात

कामोठ्यात, दहावीच्या क्लासच्या वरच्या मजल्यावर चारुताची दातांची लॅब होती. खाली मुलं प्रमेयं घोकत, वर ती दात घडवी. पनवेलपासून उरणपर्यंत निदान दोन हजार माणसं तिच्या हातच्या दातांनी जेवत होती आणि त्यांतल्या एकालाही तिचं नाव ठाऊक नव्हतं. दात डॉक्टर बनवतात, अशी लोकांची समजूत आहे. डॉक्टरांचीही तशीच आहे.

दातांचा रंग जुळवायला सोळा नमुन्यांची एक पट्टी असते. पिवळसर, तांबूस, करडे. निसर्गाला हे सगळे रंग लागतात. डॉ. अपूर्व यांना यांतला एकही लागत नसे. त्यांना हवा असलेला पांढरा रंग त्या सोळांत नव्हताच. तो पुढे कधीतरी, न्हाणीघराच्या टाइल्स बघून कुणाला तरी सुचला असावा, असं चारुताचं मत होतं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या लॅबमधलं निम्मं काम अपूर्वांकडून येई.

अपूर्वांचा दवाखाना नवीन पनवेलात होता. त्याला दवाखाना म्हटलेलं मात्र त्यांना चालत नसे. पाटीवर 'स्माइल स्टुडिओ' होतं. आत भिंतीवरून पाणी झुळझुळे, गवती चहाचा वास दरवळे, आणि दाढ धरून आलेल्या माणसाला आधी आरशासमोर उभं करून विचारलं जाई, "तुमच्या हसण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?" बिचाऱ्याला फक्त दाढेबद्दल वाटत असे.

एप्रिलच्या सुरुवातीला तिथून एक डबा आला. आत प्लॅस्टरचे दोन जबडे आणि एक चिठ्ठी. गुणाबाई, वय एकसष्ट, करंजा. वरचे पुढचे चार दात गेलेले; दोन्ही बाजूंचे सुळे तासून त्यांच्या आधाराने सहा दातांचा ब्रिज बसवायचा. रंग: सर्वात पांढरा. आकार: लांब, तरुण. शेरा: मुलाचं लग्न, फोटो महत्त्वाचे.

चारुताने खालचा जबडा खिडकीशी नेला आणि भिंगातून बघितला. पुढचे दात तिरके झिजलेले होते, सगळे एकाच कोनात, एखाद्या पायरीवर वर्षानुवर्षं पाय पडावेत तसे. नुसतं जेवून कुणाचे दात असे झिजत नाहीत. ही बाई पुढच्या दातांनी काहीतरी काम करत होती, आणि चिठ्ठीत त्याबद्दल चकार शब्द नव्हता.

तिने फोन लावला.

"डॉक्टर, या पेशंट पुढच्या दातांनी काय चावतात?"

"काही नाही. मी सांगितलंय त्यांना, ब्रिज बसल्यावर पुढच्या दातांनी काहीही चावायचं नाही. सफरचंदसुद्धा कापून."

"मग दात कशाला?"

"मॅडम, हसायला," अपूर्व समजावणीच्या सुरात म्हणाले. गणितात कच्च्या मुलीशी बोलावं तसं.

"रंग बघायला त्यांना माझ्याकडे पाठवाल?"

"रंग ठरलाय. पण पाठवतो. पाच मिनिटांत सोडा."

दोन दिवसांनी गुणाबाई दोन जिने चढून आली, हिरव्या लुगड्यात, तोंडाला पदर लावून. मागे तिचा मुलगा मिथुन, हातात मोबाइल. त्याने बसायच्या आधीच एका दाक्षिणात्य नटीचा फोटो पुढे केला. "असे पायजेत. कीर्ती म्हनते, सासूबाईंचे दात स्टेजवर उठून दिसले पायजेत." कीर्ती म्हणजे होणारी सून. लग्नाला महिना होता आणि सासूच्या तोंडाचा ताबा तिने आधीच घेतला होता.

"मावशी, तुम्हाला कसे हवेत?" चारुताने विचारलं.

गुणाबाईने पदर काढला. करंज्याच्या धक्क्यावर पाय सरकून ती मासळीच्या क्रेटवर तोंडावर आपटली, त्याला तीन महिने झाले होते. या तीन महिन्यांत तिला हा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नव्हता, कारण तिने तो पुन्हा एकदा विचारायला लावला. मग कमरेची पिशवी सोडून मिश्रीची डबी काढली आणि टेबलावर उपडी केली. चार दात बाहेर पडले.

"आये, हे अजून ठेवलंस?" मिथुन म्हणाला.

"माजे हायत. तुजे ठेवले काय?"

चारुताने एकेक दात चिमट्यात धरून बघितला. मिश्रीने तपकिरी झालेले, मुळाशी काळपट, आणि कडा तशाच तिरक्या झिजलेल्या. खालच्या प्लॅस्टरवर ठेवल्या तेव्हा कुलपात किल्ली बसावी तशा बसल्या.

"यांनी तुम्ही काय चावत होता?"

"बोंबील, बाय. सुका." गुणाबाई आता सरळ बसली. "आमी बोटीवाल्यांकडून माल घेतो, पावसाळ्याच्या बेगमीला बाजारात नेतो. घ्यायच्या आदी चावून बगायचा. कट् झाला तर सुकला. लवला तर आतून ओला. चाळीस वर्सं माज्या दातांवर माल उचलतात गिऱ्हाइकं. आता हा चावतो." तिने मिथुनकडे हनुवटी केली. "दोन गोनी बुरशी आनली यानं. अजून दोन गोनी आनली तर मना बाजारात कोन उबं करनार नाय."

"माल वरून बरा दिसत व्हता," मिथुन म्हणाला.

"वरून तर तूपन बरा दिसतोस."

मिथुनने मोबाइल खिशात घातला.

ती दोघं गेल्यावर चारुता बराच वेळ चिठ्ठी आणि नमुन्यासाठी ठेवून घेतलेले ते चार दात आलटूनपालटून बघत राहिली. चिठ्ठीप्रमाणे दात केले तर ते लांब होणार, खालच्यांच्या पुढे सज्ज्यासारखे येणार, आणि बोंबील त्यांच्यात धरताच येणार नाही. डबीतल्या दातांप्रमाणे केले तर अपूर्व पुन्हा डबा पाठवणार नाहीत. कॉलेजात तिला शिकवलं होतं, की शंका असेल तर दोन्ही नमुने करून प्रयोग करावा. तिने झिर्कोनियाच्या, म्हणजे दातांसाठीच्या कडक चिनीमातीच्या, एकाच चकतीतून दोन ब्रिज कोरले. पहिला चिठ्ठीबरहुकूम, टेबलावर ठेवला तर खोलीत दिवा लावल्यासारखा वाटे. दुसऱ्याच्या कडा तिने मिश्रीच्या डबीतल्या दातांसारख्या तिरक्या घेतल्या, मग बारीक कुंचल्याने त्यावर चाळीस वर्षांचा तपकिरी रंग चढवला आणि भट्टीत घातला. शंभर ठिकाणी रंग लपवण्याचं काम केल्यावर एकदा तो लावताना तिला बरं वाटलं.

ब्रिज बसवायच्या दिवशी ती दोन्ही डब्या घेऊन स्टुडिओत हजर झाली. अपूर्वांनी तिला ओळखायला एक क्षण लावला. आठ वर्षं ते फक्त तिच्या आवाजाशी बोलत होते. आत गोल दिवा आणि कॅमेरा लावून ठेवला होता, 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो घ्यायला.

पांढरा ब्रिज तात्पुरता बसवला. अपूर्व दोन पावलं मागे सरले, चित्रकार सरतो तसे. फोटो झाले. मिथुनने लगेच एक कीर्तीला पाठवला आणि तिकडून सात हृदयं आली.

गुणाबाईने आरसा घेतला. "कोनाचे हायत?"

"तुमचेच, मावशी," अपूर्व म्हणाले. "वीस वर्षांनी लहान दिसताय."

"वीस वर्सांमागं माजे दात असे नवते." तिने आरसा ठेवला, पिशवीत हात घातला आणि सुका बोंबील काढून दातांत धरला. स्टुडिओतल्या गवती चहाने तिथल्या तिथे हार मानली. स्वागताच्या टेबलावरची मुलगी नाकाला रुमाल लावून बाहेर गेली.

बोंबील नुसता सरकला. दातांनी तो कुठेच धरला नाही.

"अहो, पुढच्या दातांनी नाही चावायचं," अपूर्व म्हणाले.

"मंग कोनाच्या दातांनी चावू? तुज्या?"

चारुताने दुसरी डबी उघडून ट्रेवर ठेवली. अपूर्वांनी आत बघितलं आणि त्यांचा चेहरा पहिल्या ब्रिजच्या रंगाचा झाला.

"मॅडम, हे खराब झालंय."

"नाही. त्यांच्या जुन्या दातांवरून केलंय. एकदा लावून बघा, डॉक्टर. नाही जमलं तर पांढरा आहेच, आणि मी पुन्हा येणार नाही."

पेशंटसमोर नाही म्हणणं स्टुडिओच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यांनी बसवला. गुणाबाईने जीभ आतून फिरवली, ओठ मिटले, उघडले. मग तोच बोंबील पुन्हा दातांत धरून दाबला. तो वाकला. रबरासारखा. त्यावर सहा दातांची नक्षी उठली, पण तुटला नाही.

"बघा," अपूर्व म्हणाले. आवाजात समाधान होतं. "हेही चालत नाहीयेत. निदान पांढरे तरी दिसतात चांगले."

चारुता पुढे वाकून कडा बघू लागली. कडांचा कोन तिने तीनदा मोजला होता.

गुणाबाईने मात्र तुकडा कुरतडून काढला, सावकाश चघळला आणि मुलाकडे वळली.

"हा कवाचा?"

"काल घेतला," मिथुन म्हणाला. "सहा गोनी. एकदम कडक हाय, आये, मी सोता..."

"सगला ओला हाय."

गुणाबाईने पिशवीच्या तळाशी हात घालून कागदात गुंडाळलेला दुसरा बोंबील काढला, पडायच्या आधी स्वतः चावून घेतलेला. दातांत धरला. कट्.

तो आवाज चारुताने आयुष्यात प्रथमच ऐकला, आणि तिला त्यात काही समजावून घ्यावं लागलं नाही.

"चल," गुणाबाई मुलाला म्हणाली. "बोटवाला अजून धक्क्यावर असंल. गोनी त्याला परत द्यायच्या हायत." दारापर्यंत जाऊन ती वळली. "डाक्टर, हे पक्के चिकटव. उद्या येते. आनि बाय, तू कदी करंज्याला ये. तुला चावून देते."

दुसऱ्या दिवशी तपकिरी ब्रिज कायमचा चिकटवला गेला. पांढरा ब्रिज स्टुडिओच्या काचेच्या कपाटात गेला. गुणाबाईचा पांढऱ्या दातांचा फोटो अपूर्वांच्या पानावर 'आयुष्य बदलणारं हास्य' या मथळ्याखाली झळकतो आहे, आणि त्याला चारशे लोकांनी पसंती दिली आहे. गुणाबाईने तो अजून बघितलेला नाही. लग्नात ती तोंड मिटून हसली. मात्र मांडवात वाढलेला पापड आधी चावून बघितला आणि तो पुन्हा तळायला परत पाठवला. कीर्ती त्या दिवसापासून सासूच्या दातांबद्दल बोलत नाही.

अपूर्वांकडून पुढचा डबा बारा दिवसांनी आला. चिठ्ठीवर नेहमीचंच होतं: रंग, सर्वात पांढरा. त्याखाली मात्र नव्याने छापलेला एक रकाना होता, 'पेशंट काय चावतो'. त्यात कुणीतरी पेनने लिहिलं होतं, 'विचारायचं राहिलं'.

चारुताने फोन उचलला.