एकोडीच्या बांधीतील मोजकाठी

मित्रांनो, मी सागाची मोजकाठी आहे; आता पुष्कळ जुनी झाले आहे. नाकाडोंगरीच्या अरण्यात मी वाढले आणि खुशाल सुताराच्या रंध्याखाली मला हा दीड मीटरचा सरळ देह लाभला. ज्यांनी मला घडवून घेतले ते डॉ. वासुदेवराव धानाचे संशोधक होते. रंगाच्या रेघा पाण्यात पुसट होतात, म्हणून त्यांनी तापलेल्या सळईने प्रत्येक सेंटिमीटरची खूण माझ्या अंगावर स्वतः उमटवली. तो दाह मी संस्कार मानला. हे एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली घडले.

त्या काळी शासनाने धानाविषयी सल्ला घेण्यासाठी तज्ज्ञांची एक समिती नेमली होती. तज्ज्ञांना आज्ञा देण्याचा अधिकार नसतो. आपले ज्ञान राज्यकर्त्यांपुढे ठेवणे, एवढेच त्यांचे कार्य. परंतु त्यांच्या एका ओळीवर सहस्रावधी शेतांचे भवितव्य ठरते. वासुदेवराव त्या समितीत होते. नव्या बुटक्या धानाचे पीक भरघोस येई. म्हणून पुढील खरिपापासून सरकारी बीजभांडारात तेवढेच बियाणे ठेवावे आणि उंच देशी धानाचे बंद करावे, असा मसुदा त्यांनीच लिहिला होता. केवळ शेतातील पाण्याची खोली पाहायची राहिली होती.

सत्त्याहत्तरच्या श्रावणात समिती एकोडीला आली. तलावाखालच्या खोलगट बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, मला उभे करण्यात आले. पाणी बारा सेंटिमीटर भरले. अध्यक्ष म्हणाले, "उत्तम! बुटक्या धानाला याहून काय हवे?" वासुदेवरावांनी आकडा टिपून घेतला. सर्वांनी माझ्या अचूकपणाची प्रशंसा केली आणि मीही फुलून गेले. धानाच्या काड्यांवर बऱ्याच उंचीपर्यंत ओल्या गाळाची रेघ होती. पण तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

सरपंच गोमाजींच्या अंगणात चहा चालला असता त्या बांधीच्या मालकीण चंद्रभागाबाई पुढे आल्या.

"साहेब, ते पाणी खरं नाही. परवा बांध फोडून सोडलं. तुमच्या बुटायले चिखल लागू नये म्हणून."

गोमाजी गडबडले. "काकू, पाहुण्यायपुढं काय लावलं हे? म्या तं मान ठेवाले केलं ना!"

"मान ठेवला, बेस केलं. पण माही बांधी कमरेएवढी भरते, बापू. त्यात बुटकं धान बुडलं, तं त्याची शेंडी धरून वर काढाले तू येशीन का?"

अंगणात हशा पिकला. वासुदेवराव मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारले, "बाई, उंच धान तिथे तग धरते?"

"आमच्या आजेसासूपासून धरून राहिलं. त्याचं बी बंद केलं, तं मी काय पेरू?"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. "डॉक्टर, शनिवारी मसुदा सचिवांकडे जायचा आहे."

"माझा आकडा चुकीचा आहे, साहेब. तो घेऊन मी सचिवांपुढे जाणार नाही."

समिती परत गेली. वासुदेवराव एकोडीच्या शाळेत मुक्कामाला राहिले. गोमाजींनी खजील होऊन स्वतःच्या हातांनी बांध बुजवला. तलावाचे पाणी पुन्हा बांधीत उतरू लागले आणि मी अहोरात्र त्यात उभी राहिले. पाचव्या दिवशी पाणी पंच्याऐंशी सेंटिमीटरवर स्थिरावले. वासुदेवरावांनी बुटक्या धानाचे एक रोप माझ्याशेजारी रोवले. त्याचा शेंडाही पाण्यावर आला नाही.

मसुदा शनिवारी गेला नाही. समितीच्या नागपूरच्या बैठकीत त्यांनी मला मेजावर आडवे ठेवले. एक सदस्य म्हणाले, "एका बाईच्या शब्दावर शासनाचे धोरण बदलायचे?"

"शब्दावर नव्हे, मापावर. पण तो शब्द ऐकला नसता तर खरे माप मिळालेच नसते. चूक माझी आहे. बांध फोडला का, हे मी विचारले नाही."

वाद पुष्कळ झाला. अखेरीस मसुद्यात एक कलम वाढले: प्रत्येक तलावाखालच्या जमिनीची खोली मोजावी आणि खोलगट बांधींसाठी उंच धानाचे बियाणे भांडारात राखावे. शासनाने ते स्वीकारले. पुढल्या खरिपात चंद्रभागाबाईंनी भांडारातून उंच धान नेले, आणि त्या वर्षी कमरेएवढ्या पाण्यावर त्याची लोंबी डोलली.

त्यानंतर सात वर्षे मी एस.टी.च्या गाडीतून लाखांदूरपर्यंत गावोगाव फिरले. पुढे वासुदेवराव निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले लोक शहाणे होते, परंतु घाईत होते. जुन्या वहीतील आकडे नव्या वहीत उतरू लागले. मला कार्यालयाच्या एका खिडकीला टेकण म्हणून लावले, आणि तेथे वाळवीने माझे पहिले दहा सेंटिमीटर खाल्ले. आता मी खोटे माप दाखवीन, याचेच मला अधिक दुःख होते.

मित्रांनो, साधने कोरडी ठेवा, स्वच्छ ठेवा. झिजलेल्या साधनाकडून माप घेऊ नका. आणि तुमच्यापैकी कोणी उद्या विद्वान होऊन शासनाला सल्ला द्यायला बसेल, त्याला माझी विनंती आहे. पाण्यात काठी रोवण्यापूर्वी, ज्याचे शेत आहे त्याला विचारा, "परवा येथे पाणी किती होते?" आणि उत्तर मिळेपर्यंत लेखणी उघडू नका.