टेबलावरचं पोतं

हडपसरच्या भाजीबाजारात जागेचा कागद कुणाकडेच नाही. जी रोज पोतं अंथरते, तिची जागा. सोजरबाईंनी एकतीस वर्षं अंथरलं. मग उजवा गुडघा बदलला आणि पोतं बेचाळीस दिवस घरात राहिलं. तेवढ्यात शेजारच्या आनंदीबाईंचे बटाटे वीतवीत सरकत पार त्यांच्या जागेत आले. ही बातमी द्यायला बाजारातल्या सहाजणी घरी येऊन गेल्या. डबा एकीनेही आणला नाही.

मुलगा संभाजी बिल्डर. आईची भाजी त्याला खुपायची. "डॉक्टर म्हणालेत, जमिनीवर बसायचं नाही. आता रिटायर हो ना, आई."

"गुडघा केला की रिटायर. त्वांड जुनंच हाय."

व्यायाम शिकवायला श्यामला यायची. तिला बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "बाजारापतुर चारशे बारा पावलं हायती. तेवढी चालीव, बाकी ऱ्हाऊ दे." गुडघा वाकवताना बाई आनंदीबाईंना शिव्या घालत. शिवीगणिक तो थोडा जास्त वाकायचा.

त्रेचाळिसाव्या दिवशी बाई वॉकर टेकत निघाल्या. मागे संभाजी, डोक्यावर खुर्ची, काखेत घडीचं टेबल, हातात पोतं नि मेथीची पिशवी आणि तोंडावर मास्क, कुणी ओळखू नये म्हणून. सगळ्यांनी ओळखलं.

"अगं बया, खुर्ची?" आनंदीबाई म्हणाल्या. "हितं समद्या खाली बसत्यात. बसून दाव, मग बटाटं उचलते."

बाईंना खाली बसता येणार नव्हतं, हे त्या सहाजणींनी सगळीकडे सांगून ठेवलेलंच होतं.

बाईंनी बटाट्यांनी सोडलेल्या कोपऱ्यात टेबल उघडलं आणि त्यावर पोतं अंथरलं. "हे बघ, आंथरलं. बूड कुठं टेकायचं, ह्याचा नियम दाव मला."

नियम कुणालाच सापडेना. बाईंनी वॉकरच्या दांडीला मेथीच्या जुड्या टांगल्या आणि खुर्चीत बसल्या.

पहिलं गिऱ्हाईक सुनीतीबाई, निवृत्त शिक्षिका. एरवी कमरेवर हात ठेवून लांबूनच "द्या कुठलीही" म्हणणाऱ्या. आज त्यांनी उभ्या उभ्या अकरा जुड्या नाकारल्या. "अहो, वाकावंच लागत नाही! इतकी वर्षं सुचलं नाही होय तुम्हाला?"

"इतकी वर्षं माजेच गुडघे दुखत हुते. तुमचं मला काय ठावं?"

नऊ वाजेपर्यंत परिसरातले सगळे दुखरे गुडघे त्या टेबलाशी गोळा झाले. बटाट्यांसाठी वाकायला कुणी तयार होईना. शेवटी आनंदीबाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "टेबल कुठं मिळतं गं?"

"आदी माजी जागा."

आनंदीबाई बटाटे मागे घ्यायला उठल्या. गुडघा कटकन वाजला.

सोजरबाईंनी तो ऐकला, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात हसल्या, म्हणाल्या, "श्यामलाचा नंबर देऊ का?"