आयवार ढवळताना

आयवार ढवळताना जागचं हलायचं नाही, हे त्रायांकाला तिच्या सासूने शिकवलं होतं. भाजून सोललेल्या लाल मिरच्या वांग्यासकट वाटून एकदा तेलात पडल्या, की जग बुडालं तरी कालथा थांबता कामा नये. थांबला की आयवार बुडाशी लागला, आणि लागला की हिवाळाभर न्याहारीच्या पावाला करपट वास. स्त्रुमित्साजवळच्या त्या गावात करपलेल्या आयवाराएवढी बदनामी दुसऱ्या कशाने होत नसे. मुलगा बायकोला बडवतो, याने तर मुळीच नाही.

त्या सकाळी अंगणात मोठी कढई चढली होती. त्रायांका लांब दांड्याच्या लाकडी कालथ्याने ढवळत होती. शेजारची सुल्ताना पत्र्यावर उरलेल्या मिरच्या भाजत होती, गल्लीतल्या आणखी दोघी सोलत होत्या, आणि त्रायांकाची सून नेवेंका बिया काढत बसली होती. तिच्या डोळ्याखालचा निळा डाग सगळ्यांना दिसत होता, म्हणून सगळ्या हवापाण्याविषयी बोलत होत्या.

दारातून त्रायांकाचा मुलगा ब्लागोय आला. रात्री ढोसलेल्या राकियाचा, त्या कडक दारूचा, वास अजून अंगाला येत होता.

"खायला आहे का काही, की नुसता धूरच?"

नेवेंका उठली. पाव कापला, कढईतला आयवार त्यावर पसरला, वर पांढरं चीज कुस्करलं. "थांब जरा, फार गरम आहे," ती म्हणाली.

बायकोचं ऐकेल तो ब्लागोय कसला! त्याने मोठा घास तोडला आणि दुसऱ्या क्षणी थुंकला. जीभ बाहेर काढून अंगणभर नाचू लागला.

"अरे देवा," सुल्ताना म्हणाली, "रात्रभर राकियाने भाजली नाही ती जीभ न्याहारीने भाजली होय रे?"

बायका खो खो हसल्या. नेवेंकालाही हसू आलं. तिने तोंडावर हात घेतला, पण उशीर झाला होता.

"हसतेस? मला हसतेस?" ब्लागोयने तिच्या मुस्काटात अशी ठेवून दिली की तिचा ओठ फुटला. सुल्ताना मध्ये पडली, "सोड तिला, मेल्या!" तर तिला लाथ बसली आणि ती मिरच्यांच्या टोपल्यावर कोसळली. सोलणाऱ्या दोघी भिंतीला चिकटल्या. ब्लागोयने नेवेंकाचे केस मुठीत धरले आणि तिला कढईकडे फरफटत आणलं.

"आता तू चाख. तोंड घालून चाख, आणि सांग सगळ्यांना किती गरम आहे ते."

आयवार रटरटत होता. एक शिंतोडा उडून नेवेंकाच्या गालावर बसला आणि ती किंचाळली. सांगायला लाज वाटते, पण त्रायांका अजूनही ढवळतच होती.

"आई, सरक जरा," ब्लागोय म्हणाला. जेवायला बसताना जागा मागावी तसा म्हणाला.

त्रायांका सरकली नाही. तिने कालथा उचलला आणि केस धरलेल्या त्या मनगटावर दोन्ही हातांनी हाणला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ब्लागोय गुरासारखा ओरडला. दुसरा तडाखा खांद्यावर बसला आणि उकळता आयवार त्याच्या मानेला चिकटला. तो गुडघ्यांवर आला. तिसरा कानशिलावर बसला आणि रक्त आलं.

"आई! अगं, मी आहे गं!"

"माहीत आहे मला," त्रायांका म्हणाली, आणि पुन्हा मारलं.

सुल्तानाने लंगडत येऊन मागून तिचे हात धरले, नाहीतर त्या दिवशी त्या अंगणातून मढं उठलं असतं. ब्लागोय मोडका हात पोटाशी धरून, भिंतीला घासत रस्त्याकडे निघून गेला. पोटच्या पोराला मारताना त्रायांकाला जड गेलं नव्हतं, आणि याचीच तिला आता भीती वाटत होती.

कालथा टाकून ती थंड पाण्यात भिजवलेलं फडकं घेऊन सुनेजवळ बसली. "बघू, पोरी. गाल दाखव."

नेवेंकाने तिचा हात बाजूला सारला. आवाज अगदी शांत होता.

"म्हणजे तुम्हाला मारता येत होतं तर."

"नेवेंका..."

"गेल्या वर्षी आयवार चढला होता तेव्हा आत तो माझ्या पोटात लाथा घालत होता. मूल गेलं माझं. खिडकीतून तुम्ही दिसत होतात. मी हाका मारत होते, आई, आई म्हणून. तुम्ही ढवळत होतात."

नेवेंकाने फडकं त्रायांकाच्या हातातून काढून घेतलं, स्वतःच गालावर धरलं, आणि सुल्तानाला आधार देत फाटकाबाहेर पडली. मागे वळून पाहिलं नाही. थांब म्हणायचा हक्क आपल्याला नाही, हे त्रायांकाला कळत होतं. हाका तिने ऐकल्या होत्या. एकूण एक ऐकल्या होत्या.