अडकतात

मुलाने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा शेवटचा स्क्रू काढला, तसे नाना खुर्ची ओढून थेट त्याच्या खांद्याशी येऊन बसले.

"नाना, उजेड अडतोय."

नाना बोटभर सरकले. आत धूळ साचली होती. मुलाने ती फुंकून, पुसून काढली आणि नवी मेमरीची पट्टी कडांना धरून पाकिटातून बाहेर घेतली.

"एवढ्याशा पट्टीने काय होणार?"

"पळायला लागेल बघा."

नानांनी हुंकार भरला. त्यांना हे सगळं जरा जास्तच वेळेवर वाटत होतं. सकाळी सून स्वयंपाकघरात तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती, "मेमरी फार कमी झालीय गं. मध्येच अडकतात." नाना दारात दिसले आणि तिचा आवाज खाली आला. दुपार होते न होते तोच मुलगा ही पट्टी घेऊन हजर! पाणी कुठेतरी मुरत होतं.

उभा जन्म मुद्रितशोधनात गेलेला माणूस. अनुस्वार निसटला तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. कॉम्प्युटर अडकतो. अडकतात ती माणसं, आणि तीही मान देण्याजोगी. अजून पुस्तकांची मुद्रितं घरी येत, नाना ती कॉम्प्युटरवर तपासत. हल्ली केलेल्या दुरुस्त्या दुसऱ्या दिवशी उलट्याच झालेल्या दिसत, पण तो दोष यंत्राचा, हे त्यांनी सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. नानांचं डोकं चालत नाही असं एकदा ठरलं, की हे काम गेलंच. आणि काम गेल्यावर माणसाने दिवसभर करायचं काय, या विचाराने त्यांना खरंच भीती वाटे.

मुलाने पट्टी खाचेत दाबली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् करून बसल्या. कॉम्प्युटर सुरू झाला आणि एरवी रडतखडत उघडणारं जाडजूड पुस्तक चुटकीसरशी पडद्यावर आलं. नाना मनातून खूश झाले. कदाचित सून घाईत चुकली असेल. बोलताना कोण व्याकरण बघतं?

तरी खात्री केलेली बरी. सून चहा घेऊन आली, तेव्हा त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं,

"सूनबाई, हा आधी काय करायचा गं?"

"कोण, कॉम्प्युटर? सारखा अडकायचा मेला."

"अडकायचा."

"हो. का?"

नानांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. आता लपवाछपवी पुरे.

"मला डॉक्टरांकडे न्यायचं ठरलंय ना तुमचं? मग तोंडावर सांगा की. पाठीमागे कारस्थानं कशाला?"

स्क्रू पिळणारा मुलाचा हात थांबला. सुनेने मुलाकडे पाहिलं. मग कप ठेवून ती नानांच्या जवळ बसली.

"नाना, काल जेवताना सांगितलं होतं तुम्हाला," ती हळूच म्हणाली. "शुक्रवारचा दिवस तर तुम्हीच ठरवलात."