पुलावरची रिकामी जागा

“बाबा, आज तेवढं पुलाचं काढू नका,” वडिलांच्या कोटाचं बटण लावत तिनं पुन्हा बजावलं.

“नाण्यावर पूल काढलाय, तो चालतो वाटतं?”

“नाणं घ्यायचं, आभार मानायचे, खाली उतरायचं. माझ्यासाठी.”

ती टांकसाळीत नाणी तपासायची. चांदीवर उघडं बोट टेकलं की काही दिवसांत त्याचा ठसा काळा पडतो आणि नाणं बाद होतं. म्हणून सुती मोज्यांशिवाय ती नाण्याला हात लावत नसे. सगळे तिला ‘मोजेवाली’च म्हणत.

यंदाचं नाणं युद्धातल्या त्या पुलाचं होतं. शत्रू पुलावर चढला आणि आपल्या शिपायांनी पूल उडवला, असं पुस्तकात होतं. त्या शिपायांपैकी आता बाबा तेवढे उरले होते, म्हणून पहिलं नाणं त्यांना. बाबा मात्र सांगायचे, शत्रू अजून लांब होता, पुलावर आपलीच माणसं होती. एक बाई डोक्यावर शिवणयंत्र घेऊन चालली होती. आणि सुरुंगाची वात बाबांनीच पेटवली होती. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. बसथांब्यावरच्या परक्यालाही ते हे ऐकवून मोकळे व्हायचे. असंच काहीबाही बोलल्याबद्दल टांकसाळीतल्या एका कारागिराला मागेच घरी बसवलं होतं. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं, त्यामुळे सकाळपासून ती त्यांना बजावत होती.

समारंभात व्यासपीठावर टांकसाळीच्या साहेबांनी नाण्याची डबी दिली आणि ध्वनिक्षेपक पुढे केला. “दोन शब्द बोला, आजोबा.”

बाबांनी घसा खाकरला. समोर बसलेल्या लेकीकडे पाहिलं. तिनं जेमतेम दिसेल अशी नकारार्थी मान हलवली.

“आभारी आहे,” ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली.

घरी आल्यावर बाबांनी डबी उघडली. पुलाच्या दोन टोकांना दोन शिपाई, छाती काढून. त्यांनी डबी दिव्याखाली धरली.

“शिवणयंत्रवाली नाही गं यात.”

“बाबा, चहा टाकू?”

“तेव्हा पलटणीतल्या साहेबाचा हुकूम होता, म्हणून गप्प बसलो. आज तू म्हणालीस म्हणून.” आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. बूट न काढताच ते खुर्चीत डोळे मिटून पडले.

ती नाणं उचलून ठेवायला गेली. मोजे पर्समध्येच होते. तिनं ते काढले नाहीत. दोन शिपायांच्या मधल्या रिकाम्या पुलावर तिनं उघडा अंगठा टेकवला आणि दाबून धरला.